वाटणीच्या दगडापर्यंतची भिंत

गोव्यातल्या चोपड्याला ओहोटीच्या वेळी नदीत चिऱ्यांचा एक गोल मनोरा उघडा पडतो. पाहुणे विचारतात, "पोर्तुगिजांचा का हो?" कसले पोर्तुगीज! ती आमची विहीर आहे. विहीर म्हणजे जमिनीतलं भोक; भोवतालची जमीन वाहून गेली की भोकाची भिंत तेवढी उभी राहते. एवढं साधं आहे.

आमचं घर शापोरा नदीच्या वळणावर, बाहेरच्या काठाला. बाहेरच्या काठाची माती नदी खाते आणि आतल्या काठाला नेऊन टाकते. पलीकडच्यांची जमीन न मागता वाढत होती, आणि आमचे माड वर्षाला एक-दोन असे पाण्यात आडवे होत होते. त्याचं कोणाला फारसं वाटत नसे. जीव लागलेला होता तो विहिरीवर. खाऱ्या नदीच्या काठाला असून तिचं पाणी गोड, आणि अख्ख्या वाडीत तेवढंच एक.

गोवा मुक्त झाल्यावर काही वर्षांनी बाबा आणि त्यांचा धाकटा भाऊ, माझे काका, वेगळे झाले. मध्ये दगड पुरला. विहीर आमच्या बाजूला आली, पाणी दोघांचं ठरलं. पुढे हद्दीवरच्या एका फणसावरून दोघांचं बोलणं बंद झालं. फणस तरी कापा असता! बरका होता, लिबलिबीत गऱ्यांचा. आई आणि काकी मात्र रोज एकाच रहाटावर पाणी काढत.

काठ विहिरीपासून पन्नासेक पावलांवर आला तेव्हा बाबांनी तो चिऱ्यांनी बांधायला काढला. छातीएवढी पक्की भिंत. वाटणीच्या दगडापाशी पोचल्यावर गवंडी म्हणाला, "हयसर सोडू नका. टोकाक पाणी वळतला."

"फुडे माजी जमीन नाय," बाबा म्हणाले.

आई चिडली. "पाणी काय वाटणी बघून येता? भावोजींका एक शब्द इचारा."

"तो इचारीत."

तिकडे काका ओसरीवर बसून काकीला सांगत होते, "दादान इचारल्यान तर फुडचे चिरे मी घालतंय." दोघंही दुसऱ्याने विचारण्याची वाट बघत बसले. मोडेन पण वाकणार नाही, असं आमचं घराणं.

भिंतीने आपलं काम चोख केलं. तिच्यामागची मूठभर माती हलली नाही. पण पाण्याचा जोर कुठेतरी जायला हवाच. तो टोकाला वळला आणि शेजारची मऊ माती पोखरू लागला. पहिल्या पावसाळ्यात काकांचे तीन माड गेले. बाबांनी ते बघितलं आणि आत येऊन जेवायला बसले. त्या जेवणाचा मला अजून राग येतो. पुढच्या दोन पावसाळ्यांत नदीने काकांच्या बाजूने वाट काढली आणि ती आमच्या भिंतीच्या मागे शिरली.

एका सकाळी आईने चहा केला आणि चाखला. दारात जाऊन तिने काकांना हाक मारली. ते आले तसं त्यांना बाबांच्या शेजारी बाकावर बसवलं आणि दोघांपुढे कप ठेवले.

"पिया," म्हणाली.

चहा खारट होता. दोघांनी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. तिच्यासमोर अर्धा कप खाली ठेवायची हिंमत कोणाची होती? ती उभीच होती आणि रडत होती, डोळेसुद्धा न पुसता.

शेवटी काका म्हणाले, "दादा, तुज्याकडे चिरे उरलेत?"

उरले होते, चांगले तीस-चाळीस, न्हाणीमागे रचलेले. दोघांनी मिळून ते काठावर नेले, पण भिंतीच्या पुढेही पाणी आणि मागेही पाणी; लावायचे कुठे ते दोघांनाही कळेना.