डोळ्याच्या तळाशी

आईचं डोकं सारखं दुखायचं, म्हणून मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी खोलीत अंधार केला आणि बारीक दिव्याच्या दुर्बिणीतून तिच्या डोळ्यात बघू लागले. परक्या पुरुषासमोर नजर खाली ठेवायची तिची जन्माची सवय. "आजी, वर बघा," त्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

"पूर्वी मेंदूचे फोटो निघत नव्हते," ते मला म्हणाले. "कवटी न उघडता मेंदूची नस दिसायची ती इथेच, डोळ्याच्या तळाशी. त्यावरूनच आजार ओळखायचे."

नस चांगली निघाली. मी मात्र गोंधळलो. याच डोळ्यांत मी इतकी वर्षं बघत आलो, ते नेमकं काय बघत होतो?

रिक्षात आईनं विचारलं, "आतलं सगळं दिसतं का रे त्यांना?"

"नाही गं, फक्त नस."

तिनं निःश्वास टाकला. तो सुटकेचा होता की निराशेचा, मला अजून कळलेलं नाही.