आईसाठी केलेलं बाथरूम

कारखान्यात त्याला सगळे बुडबुडा म्हणत. नवं यंत्र आलं की ते जमिनीवर तंतोतंत समतल बसवायचं, हे त्याचं काम. लेव्हलच्या काचेच्या नळीतला बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये आल्याशिवाय तो बोल्ट आवळायचा नाही. फोरमन पाय आपटत उभा राहो की साहेब घड्याळ दाखवो, याचं आपलं एकच, "केसभर उजवीकडे आहे." आणि खरंच केसभर असायचं. त्याने बसवलेली यंत्रं वर्षानुवर्षं कुरकुरत नसत. घरातली माणसं मात्र कुरकुरायची.

कारण घरीही हा तसाच. दारातल्या चपला एका रेषेत हव्यात, भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं नको, पातेल्यावरचं झाकण नीट बसलेलं हवं. बायको म्हणायची, "मी झोपेत कूस बदलली तरी तुम्ही उठून मला सरळ कराल." तो हसायचा नाही. यात हसण्यासारखं काय आहे, हेच त्याला कळायचं नाही.

एक गोष्ट त्याला आतून सलत होती. वडील गेल्यापासून आई थोरल्या भावाकडे राहायची. थोरला कधी बोलून दाखवायचा नाही, पण वहिनी सगळी कसर भरून काढायची. "आमचं काय, आमच्या नशिबी करणंच आहे. तुम्ही आपले पाहुण्यासारखे या, चहा घ्या, जा." चहा मग तो अर्धाच टाकून उठायचा. आईला 'माझ्याकडे चल' म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "तुझं बाथरूम फार अडचणीचं रे. माझे गुडघे हे असे."

ते खोटं नव्हतं. बाथरूमचं दार अरुंद, उंबरा उंच आणि फरशी कोपऱ्याकडे अशी उतरलेली की स्टूल ठेवलं तरी डुगडुगायचं. आई एकदा तिथे घसरता घसरता वाचली होती.

"बाथरूमच नवं करतो," तो बायकोला म्हणाला. "मग कोणत्या तोंडाने नाही म्हणेल?"

गवंड्याने सांगितलेला आकडा ऐकून त्याने हात जोडले आणि स्वतःच कंबर कसली. फरशीच्या दुकानामागे उरलेल्या मालाचा ढीग पडून होता. त्यातून त्याने खडबडीत, पाय न सरकणाऱ्या फरश्या निवडून आणल्या. रंग दोन निघाले, म्हणून त्याने आधी कागदावर नक्षी मांडली, तेव्हा ते मुद्दामच केल्यासारखं दिसायला लागलं. भंगारवाल्याकडून स्टीलचा पाइप आणून, वाकवून, घासून आईला धरायला दांडा केला. चौकट काढून दार रुंद केलं. उंबरा तर मुळासकट उखडला. आईला पाय उचलायला लागू नये! कामावरून आला की कपडे बदलून तो थेट आत. ग्राइंडरची धूळ भाताच्या कुकरवरसुद्धा बसायची. घरातली सगळी अंघोळीला शेजारी जात होती. शेजारीण एक दिवस बायकोला म्हणालीच, "साबण तरी आमचाच वापरा आता. वेगळा कशाला?"

फरशी बसवायची वेळ आली तेव्हा बायकोने विचारलं, "ढाळ किती देताय?"

"ढाळच नको. आई घसरली ती ढाळामुळेच. अशी फरशी करतो, की गोटी ठेवली तर जागची हलणार नाही."

"गोटी नाही हलणार, पण पाणी तरी हलेल का?"

"पाणी आपली वाट काढतं. तू कधी मशीन बसवलंयस?"

"नाही बाई. मी फक्त लग्न झाल्यापासून फरशी धुतेय."

त्याला ते ऐकू आलं, पण त्याचं सगळं लक्ष बुडबुड्यावर होतं.

काम झालं. बायकोने टॉवेल खांद्यावर टाकला, तर हा दारात आडवा. "पहिली अंघोळ आईची." झालं! सगळी पुन्हा शेजारी.

रविवारी सकाळी थोरला आईला गाडीने घेऊन आला. तिची पिशवी पाहून त्याला भरून आलं. पिशवी चांगली फुगलेली होती, चार दिवसांची नव्हती. आईने फरशीवरून हात फिरवला, दांडा ओढून पाहिला. "सुरेख केलंस रे," ती म्हणाली. त्याने भावाकडे पाहिलं. भावानेही मान डोलावली. एवढ्यासाठीच तर त्याने गुडघे सोलून घेतले होते.

आई अंघोळीला बसली. चार तांबे ओतले असतील नसतील, तोच आतून हाक आली, "अरे, पाणी जात नाहीये."

"जाईल, थांब जरा."

पाणी गेलं, पण जाळीकडे नाही. उंबरा नव्हताच. साबणाचं पाणी दाराखालून सावकाश बाहेर आलं आणि थोरल्याच्या खुर्चीपर्यंत पोहोचलं. थोरल्याने मोज्यांसकट पाय वर घेतले.

"अरे बाबा, बाथरूम बांधलंस की तळं?"

बायकोने आत जाऊन सासूच्या अंगाभोवती टॉवेल गुंडाळला आणि बाहेर येऊन नवऱ्याच्या हातात वायपर दिला. आत आई स्टुलावर बसली होती. केसांत साबण, दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरलेला आणि पाय अधांतरी.

"पाय टेक आई, फरशी सरकत नाही."

"मला तळच दिसत नाही रे!"

संध्याकाळी आई थोरल्याबरोबर परत गेली. "पाणी जायची सोय झाली की येईन," म्हणाली. फुगलेली पिशवी उघडलीच नव्हती.

त्याने सगळं फोडलं. नीट बसलेली फरशी निघता निघत नव्हती, छिन्नीचे घाव स्वतःच्याच पाठीत बसल्यासारखे वाटत होते. निम्म्या फरश्या फुटल्या. त्याच जातीच्या आता मिळेनात, म्हणून नक्षी सोडून हाताला येतील त्या तुकड्यांनी जागा भरली. ढाळ दिला. बुडबुडा मधून ढळलेला पाहून त्याचा हात दर वेळी फरशी सारखी करायला जायचा. तो हात मागे घ्यायचा. शेवटी बादलीभर पाणी ओतलं आणि ते घळाघळा जाळीत गेलं. "झालं बाई एकदाचं," बायको म्हणाली.

तसाच तो आईला आणायला गेला. थोरल्याच्या स्वयंपाकघरात आई टेबलाशी चहा घेत होती. पलीकडच्या खोलीत वहिनी फोनवर कुणाला तरी झापत होती.

"चल आई. आता थेंब राहत नाही."

आईने कप खाली ठेवला. "मी नाही येत."

"आता काय राहिलं? तुझ्यासाठी दोनदा—"

"बाथरूमचं सोड रे. तिकडे मला धाक वाटतो."

"कुणाचा? ही काही बोलली?"

"ती बिचारी काय बोलणार! तुझा."

"मी कधी आवाज चढवलाय?"

"चढवत नाहीस. बघतोस. मी पेला ठेवला की तू तो सरकवतोस. मी चादर घातली की मागून येऊन ओढतोस. इथे तुझा दादा ओरडतो, मी उलट ओरडते. वहिनी टोमणे मारते, मी काय गप्प बसते? पण दिवस जातो माझा."

तो म्हणाला, "मग इतकी वर्षं बाथरूमचं कारण का सांगितलंस?"

"काहीतरी सांगायला नको का? मला काय माहीत, तू ते फोडायलाच घेशील!"

तिने कप उचलला. तो कलला आणि टेबलावर चहा सांडला. आईने चहाकडे पाहिलंच नाही. तिने आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सांडलेल्यावर पटकन तळहात ठेवला.

"असू दे, असू दे आई," तो म्हणाला. पण तोवर त्याने फडकं उचललेलं होतं आणि तो टेबल पुसायला लागला होता.

"बघ," आई म्हणाली.