आक्काच्या दारातली वाट

मिस्त्रीकाका फक्त वाटा करायचे. घरं नाहीत, भिंती नाहीत. फाटकापासून दारापर्यंत जी काँक्रीटची वाट असते, तेवढीच. "लोक घराला रंग देतात, दाराला पॉलिश करतात, आणि त्या दारापर्यंत ठेचा खात जातात," असं म्हणायचे.

आमच्या भागात त्यांना कामाची ददात नव्हती. घरं जुनी आणि खाली चिकण माती. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. तिच्यावरचं काँक्रीट बरीच वर्षं हे सोसतं आणि मग कुठेतरी मोडतं. लोक वरून सिमेंट थापून घेतात. ते पुढच्या वर्षी पापुद्र्यासारखं निघतं. मग काकांना बोलावणं येतं.

काका जुनं सगळं फोडून काढायचे, खाली खणायचे आणि थांबायचे. त्यांचं खरं काम हे थांबणंच होतं. माती कोरडी असेल तर खड्ड्यात पाणी सोडून वर ओली गोणपाटं पसरायचे. रोज येऊन मूठभर माती दाबून बघायचे. मुठीचा आकार धरला आणि तळहात ओला झाला नाही की मगच खडी, ठोकणी आणि वर काँक्रीट. "आधी तिला पोटभर पाजायचं. तिची फुगायची हौस फिटू द्यायची. नाहीतर ती आपल्याला उचलून दाखवते."

गिऱ्हाइकांना हे थांबणं सोसत नसे. एकदा मी डबा द्यायला गेले होते, तेव्हा एक बाई दारातून ओरडत होत्या, "अहो मिस्त्री, आठवडा झाला की! बदकं पाळायचा विचार आहे का इथे?"

"माती पाणी पितेय, बाई."

"आणि आम्ही घरात शिरायचं कसं?"

"फळी टाकलीय ना."

"सासूबाई पडल्या म्हणजे?"

"त्या कसल्या पडतात! सकाळपासून दोनदा फळीवरून येऊन मला बोलून गेल्यात."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "तिसऱ्यांदा येऊ का?"

मी काकांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. साहित्यात एम.ए. केलं होतं, छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करत होते. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. काका मला पुस्तकबाई म्हणायचे. संध्याकाळी ते गरम पाण्यात पाय बुडवून बसायचे आणि मी त्यांना कथा वाचून दाखवायचे. लेखकाने काही लपवून ठेवलं असेल तर ते चिडायचे. "याला आधीपासून माहीत होतं ना? मग आपल्याला का खेळवतो?" मी त्यांना कथेचं तंत्र समजावायचे, ते मला मातीचं. त्या शहरात मला दुसरं कुणी नव्हतं. मी तापाने फणफणले होते तेव्हा त्यांनीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं, आणि नर्सने "कोण लागते तुमची?" असं विचारल्यावर "मैत्रीण" असं सांगितलं होतं. नर्स हसली. ते हसले नाहीत.

धुमश्या त्यांचा जोडीदार. धुमस म्हणजे जमीन ठोकायचं जड लोखंडी अवजार. ते तो असा चालवायचा की शेजारच्या स्वयंपाकघरातली भांडी वाजायची. त्यावरून नाव पडलं. खणणं, खडी पसरणं, थर ठोकणं त्याचं. माती कधी तयार झाली ते ठरवणं, उतार धरणं आणि काँक्रीट ओतणं काकांचं. दोघांत कधी यावरून तंटा झाला नाही.

"हा मातीचे लाड करतो आणि मी तिला वळण लावतो," धुमश्या म्हणायचा. "आई-बापासारखं चाललंय आमचं."

"यात आई कोण?" मी विचारलं.

"हाच की! बघ ना, रात्री उठून बघून येतो पांघरूण सरकलं का ते."

"गप रे, ठोक," काका म्हणायचे.

काकांची थोरली बहीण, आक्का, दोन गल्ल्या सोडून राहायची. आई लवकर गेली तेव्हा आक्काने शाळा सोडून काकांना वाढवलं होतं. काका जगात कुणाला घाबरत नसत, पण आक्काने नुसतं "अरे" म्हटलं की त्यांचा हात थांबायचा. तिचे यजमान, म्हणजे काकांचे भावोजी, यांना उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला. डावा पाय ओढत, वॉकर धरून चालता येईल असं डॉक्टर म्हणाले. आक्काच्या दारातली वाट मोडलेली होती. तिच्यावरून धडधाकट माणूसही खाली बघत चालायचा. काकांनी आणि धुमश्याने ती काढून नवी केली. मी तेव्हा सुट्टी घेऊन माझ्या घरी गेले होते. परत आले तेव्हा भावोजी दवाखान्यातून आले होते आणि नव्या वाटेवरून रोज फाटकापर्यंत जात होते. फाटकाला टेकून ते येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलायचे. तेवढंच त्यांचं बाहेर जाणं.

पावसाळा अर्धा सरला असताना भावोजी पडले. वाटेचं काँक्रीट चौकोनाचौकोनांत ओतलेलं होतं; त्यातल्या दोन चौकोनांच्या सांध्याशी बोटभर उंचीचा फरक पडला होता. ओढता पाय तिथे अडकला. खुब्याचं हाड मोडलं, पुन्हा दवाखाना झाला.

काका त्या दिवशी जेवले नाहीत. मी खाली गेले तर पायरीवर बसले होते.

"कसं झालं हे?" मी विचारलं.

"धुमश्याने ठोकलं नाही नीट. मी आक्काबरोबर दवाखान्याच्या धावपळीत होतो. खाली पोकळ राहिलं आणि चौकोन खचला."

मी मान डोलावली. का डोलावू नये? सांगणारे ते होते.

चार दिवसांत गल्लीभर झालं. धुमश्याने मिस्त्रीच्या सख्ख्या बहिणीच्या दारातसुद्धा अंगचोरी केली. किराणा दुकानदार म्हणाला, "आम्हाला वाटायचं भांडी वाजतात म्हणजे काम चाललंय." लोक हसले. ज्यांच्याकडे पुढची कामं ठरली होती, त्यांनी काकांना बजावलं, तुम्ही या, तो नको. काकांनी बरं म्हटलं. त्यांनी धुमश्याला बोलावणं बंद केलं.

धुमश्या एका सकाळी स्वतःच आला. आक्काच्या दारात काका तो चौकोन फोडायला उभे होते. मी भावोजींची औषधं घेऊन आले होते. आक्का पायरीवर होती.

"फोडू नकोस," धुमश्या म्हणाला. "आधी दोरी लाव."

"कशाला?"

"लाव तर खरं. तुझी पद्धत आहे. काही फोडायच्या आधी दोरी लावतोस."

धुमश्यानेच दोरी काढली. एक टोक दाराच्या दगडी पायरीला, दुसरं फाटकाच्या खांबाला. ती पायरी घराएवढीच जुनी आणि तो खांबही. वाट करताना त्याच दोन खुणांवरून उतार धरला होता. दोरी ताणली. वाटेचे बाकीचे चौकोन दोरीखाली एका रेषेत होते. एकच तेवढा दोरीला वर उचलत होता.

सांध्याशी अशी उंचसखल कड तयार झाली की दोन गोष्टी असू शकतात. एक बाजू खचलेली असते, नाहीतर दुसरी वर आलेली असते. नुसतं बघून कळत नाही, म्हणून दोरी. खचलं असेल तर ठोकणाऱ्याची चूक. वर आलं असेल तर खालची माती कोरडी असतानाच काँक्रीट ओतलेलं असतं. पुढे तिला पाणी मिळतं आणि ती फुगते. हे मला कुणी शिकवलं होतं? काकांनीच. पाय गरम पाण्यात होते त्यांचे तेव्हा.

"बघ," धुमश्या म्हणाला. "खचलंय की उचललंय?"

काका दोरीकडे बघत राहिले.

"मी म्हणालो होतो की नाही? म्हटलं, दोन दिवस पाणी सोडू. माती भाकरीसारखी कडक झालीय. तू काय म्हणालास? भावोजी परवा घरी येतायत, आक्का त्यांना फळीवरून नेणार का?"

आक्काने पदर खांद्यावर ओढला.

"दोरी ढिली आहे," काका म्हणाले.

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. मी पुढे झाले. दोरीला बोट लावलं. ती तारेसारखी ताठ होती.

"काका, दोरी ताठ आहे. चौकोन वर आलाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"पुस्तकबाई, तू पुस्तकं वाच. यातलं तुला काय कळतंय?"

मग त्यांनी वाकून दोरी सोडली, बोटांभोवती गुंडाळली आणि आक्काला म्हणाले, "याने खडी कमी टाकली आणि वर तोंड करून आलाय. तू आत जा, आक्का."

धुमश्या हसला. मोठ्याने नाही. "भल्या माणसा," एवढंच म्हणाला. त्याची धुमस आक्काच्या भिंतीला टेकवलेली होती. ती त्याने खांद्यावर घेतली आणि गेला.

संध्याकाळी मी पुस्तक न घेता खाली गेले.

"तुम्ही खोटं बोललात."

"हो."

इतक्या पटकन ते हो म्हणतील असं वाटलं नव्हतं. पुढचं सगळं भांडण मी मनात जुळवून आणलं होतं, ते तसंच राहिलं.

"का?"

"आक्काने मला वाढवलंय. तिच्या नवऱ्याचं हाड माझ्या हाताने मोडलं हे मी तिला कुठल्या तोंडाने सांगू? तिला घाई झाली होती म्हणून मी घाई केली. मला माहीत होतं गं. माती हातात घेतली आणि मुठीतून पिठासारखी गळली. तरी ओतलं."

"मग तेच सांगा तिला."

"ती म्हणेल, माझ्यामुळे झालं. आयुष्यभर म्हणत बसेल."

"आणि धुमश्या?"

"धुमश्याला काय. अंगात ताकद आहे. कुठेही काम मिळेल."

"त्याच्याशी असं वागलात, आणि मला पुस्तकं वाच म्हणालात."

"मग काय म्हणू? तू मध्ये कशाला बोललीस?"

मी वर गेले. त्यानंतर मी त्यांना काही वाचून दाखवलं नाही. त्यांनीही मागितलं नाही.

धुमश्याला काम मिळालं नाही. म्हणजे मिळालं, बाजारात पोती उतरवायचं. वाटेचं काम त्याला कुणी दिलं नाही. तो मला एकदा तिथे दिसला. "काय पुस्तकबाई, या कथेत वाईट माणूस कोण?" त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पोतं पाठीवर घेतलं.

पाऊस संपल्यावर काकांनी आक्काच्या दारातली वाट पूर्ण उखडली. एक नवखा मजूर हाताशी घेतला. आणि या वेळी ते थांबले. गोणपाटं टाकली, पाणी सोडलं, रोज माती मुठीत दाबून पाहिली. भावोजी दवाखान्यातून आले तेव्हा वाट तयार नव्हती. त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आत नेलं. हे तेव्हाही करता आलं असतं. पुढे वाट झाली. उन्हाळा गेला, पाऊस गेला. एकाही सांध्यात नख शिरलं नाही. त्यांच्या हातचं इतकं चांगलं काम मी पाहिलं नाही.

गल्लीत ज्याला त्याला तेच पुरे झालं. बघा, धुमश्या नाही तर वाट कशी टिकली! दुकानदार हे येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा. चांगलं काम करून काकांनी त्या खोट्यावर शिक्का मारला होता.

मी खोली सोडली. जायच्या आधी आक्काला भेटायला गेले. भावोजी वॉकर धरून फाटकाकडे निघाले होते. आक्का त्यांच्या मागे वाट झाडत होती. मी ठरवूनच गेले होते.

"आक्का, तो चौकोन खचला नव्हता. वर आला होता. दोरी ढिली नव्हती."

ती झाडत राहिली.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "रोज झाडते मी. पाऊस लागल्यावर पाणी फाटकाकडे जायचं ते उलटं पायरीकडे यायला लागलं. झाडू तिथे अडायचा."

"म्हणजे भावोजी पडायच्या आधी?"

"आधी."

"मग सांगितलं का नाही काकांना?"

"किती कौतुकाने केली होती त्याने! जीव चुटपुटला असता त्याचा. म्हटलं, पाऊस गेला की बसेल आपोआप."

भावोजी फाटकाशी पोचले होते. कुणाशी तरी हसून बोलत होते. चौकोन वर आल्याचं काका तिच्यापासून लपवत होते आणि ते तिला त्यांच्याही आधी माहीत होतं. ती त्यांच्यापासून लपवत होती की तिला माहीत आहे. दोघांनी एकमेकांना जपलं होतं आणि त्यात एकाचं हाड मोडलं होतं, एकाचा धंदा गेला होता.

"मग आता तरी सांगा," मी म्हणाले. "काकांना नका सांगू. गल्लीत सांगा. दुकानात नुसतं म्हणा की धुमश्याची चूक नव्हती. तुमचं ऐकतील."

"आणि मग चूक कुणाची, असं विचारतील."

"विचारू देत."

"माझ्या भावाला खोटारडा म्हणू मी चारचौघांत?"

"तसं नका म्हणू. धुमश्या खोटा नाही, एवढंच म्हणा."

आक्काने झाडू भिंतीला टेकवला आणि सुपलीत कचरा भरून घेतला.

"ते एकच झालं गं," ती म्हणाली आणि आत गेली.