मोहोळाच्या मडक्यात मीठ

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. माझी थोरली जाऊ मेलीय, पण मी बोलणार.

रझाकारांच्या सालची गोष्ट. वाटा बंद, पालमकडचं माझं माहेर तुटलेलं, त्यात बाप वारलेला. त्याच्या हातचं माझ्यापाशी एकच उरलं व्हतं: मधमाश्यांचं मोहोळ. मडक्यात बसवून त्यानं बैलगाडीनं पेडगावला माझ्या सासरी आणलं नि परसातल्या भिंतीत आडवं लिंपून दिलं.

वैशाखात रानात फूल न्हाई. उपाशी माश्या मोहोळ सोडून जातात. म्हणून खोकल्याला काढून उरलेला मध त्यांनाच परत द्यायचा, ही बापाची रीत. दिवस मावळल्यावर, मडक्याच्या आत, बाहेर थेंब सांडायचा न्हाई, न्हाईतर वासानं परक्या माश्या मोहोळ लुटायला येतात. पण मधाची बरणी जावेच्या ताब्यात. मागितली की म्हणायची, "माशीला मध? उद्या म्हशीला दूध पाजशील."

मागून मागून माझी जीभ झिजली. शेवटी सासऱ्यांनी तिला दे म्हणून सांगितलं. तिनं दिला, पण माझ्या हाती न्हाई. मी शेतात गेलेली बघून भर दुपारी मडक्याखाली परात मांडली, तिच्यात बरणी ओतली नि शेजारणींना हाका मारल्या. "बघा गं, हिच्या माश्यांना जेवण घालायलेय."

वासानं साऱ्या शिवारातल्या माश्या आल्या. परात चाटून झाली तशा मडक्यात शिरल्या. मी आले तर भिंतीखाली माझ्या माश्यांचा सडा, आत पोळं कुरतडलेलं. वाचल्या त्या सकाळी उडून गेल्या.

"मी तर पोटभर घातलं. तुझ्याच माश्या करंट्या," जाऊ म्हणली. मुद्दाम केलं तिनं. बापाची रीत मी तिच्यासमोरच कितीदा बोलले व्हते.

वर ते मडकं भिंतीतून काढलं, खरवडून धुतलं नि चुलीपाशी मीठ भरून ठेवलं. वाया कशाला घालवायचं, म्हणे. तवापासून मी भाकरी नि अळणी वरण खाल्लं. नवरा येडी म्हणायचा, सासू उपास कवा सुटतो विचारायची. वेगळं निघेपर्यंत त्या मडक्यातला खडा तोंडात घातला न्हाई.

परवा जावेचं तेरावं झालं. तिच्या लेकानं मडकं आणून माझ्या पुढ्यात ठेवलं. "काकू, हे तुमचंच की." पोरगं भलं हाय, आईवर गेलं न्हाई. मी मीठ उकिरड्यावर ओतलं नि आत तोंड घालून वास घेतला. मेणाचा वास कुठंच न्हाई. मिठानं सगळा खाल्ला व्हता.