न सुटणारं टरफल

उकडलेलं अंडं सोलण्याइतकं वैतागवाणं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही, आणि ते मला कोणी शिकवलंही नाही. शिकवणार कोण? डोंबिवलीतल्या आमच्या चाळीत सगळी बिऱ्हाडं आमच्यासारखीच, चातुर्मासात कांदासुद्धा घरात न आणणारी. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, मॅट्रिक होऊन घरी बसलेली. घरातली नकोशी कामं आपोआप माझ्याच गळ्यात पडायची.

बाबांच्या छातीत क्षयाचा डाग निघाला होता. डॉक्टरांनी औषधं दिली आणि वर रोज दोन अंडी सांगितली. दोन महिन्यांत वजन वाढलं नाही तर सॅनिटोरियममध्ये पाठवावं लागेल, असंही बजावलं. आईच्या तोंडचं पाणीच पळालं. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ असेच गेलेले, ते परत आले नव्हते. बाबा दोन दिवस पूजा आटोपली तरी देव्हाऱ्यापुढून उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, खाईन, पण घरात शिजवायचं नाही. दुधात कालवायचं नाही, दूध बाटतं. तव्यावर फोडायचं नाही, वास चाळभर जातो. उकडून द्या, औषध म्हणून डोळे मिटून गिळेन.

मग मागच्या अंगणात, विहिरीच्या पलीकडे, मी स्टोव्ह मांडला. एक चेपलेलं जर्मनचं पातेलं त्या कामाला वेगळं काढलं. आई नाकाला पदर लावून लांबून बघायची. अंड्याला हात लावला की आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, म्हणजे रोज दोनदा आंघोळ. बरं, एवढं करून ते अंडं धड सोललं तरी जावं? नाव नको! नखाने टरफल उचलायला गेलं की खालचा पांढरा भागच त्याला चिकटून यायचा. शेवटी हातात उरायचं ते उंदराने कुरतडल्यासारखं काहीतरी. तेच बशीत घालून मी मागच्या पडवीत बाबांपुढे ठेवायचे. ते डोळे मिटून लहानसा घास तोंडात घ्यायचे, तोंड वाकडं करायचे आणि उठून मोरीत थुंकून यायचे. "टरफल लागतंय," एवढंच म्हणायचे. उरलेलं मी कावळ्यांना टाकायचे. त्या महिन्यात आमच्या अंगणातले कावळे चांगले गुटगुटीत झाले आणि बाबांचं वजन होतं तिथेच राहिलं.

मी काय काय नाही केलं! पाण्यात मीठ घालून पाहिलं. उकळत्या पाण्यातलं अंडं थेट विहिरीच्या गार पाण्यात टाकलं. कल्याणच्या लष्करी कॅम्पात नोकरी केलेल्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी हळूच येऊन सांगितलं, की अंडं दगडावर लाटण्यासारखं फिरवायचं आणि जाड टोकाकडून सुरुवात करायची. तेही केलं. अर्धा अर्धा तास उकडलं, तेव्हा घरातलं रॉकेल संपलं आणि आईची बोलणी खाल्ली. टरफल आपलं ढिम्म. एकदा तर मी इतकी भडकले, की हातातलं अंडं विहिरीच्या कठड्यावर आपटलं आणि मग ते गोळा करत रडत बसले. एक अंडं वाया घालवलं म्हणजे बाबांना सॅनिटोरियमच्या वाटेवर एक पाऊल पुढे ढकललं, असं मला वाटायचं.

एवढ्या सगळ्यात मला अंड्यांचाच संशय यायला लागला. अंडी आणायची ठाकुर्लीच्या बाजूच्या शेतांवरची एक आगरी बाई. तिला मी पहिल्याच दिवशी दम भरला होता, की अंडी आजचीच पाहिजेत. आमच्याकडे दूध ताजं, भाजी ताजी, भातसुद्धा सकाळचा रात्री चालत नाही, मग आजारी माणसाला शिळं अंडं कसं द्यायचं? ती बिचारी त्याच सकाळची, हाताला ऊन लागणारी अंडी पेंढ्यात गुंडाळून माझ्यासाठी वेगळी आणायची. महिना सरला तशी मी एका सकाळी तिच्यावर तुटून पडले. तुझी अंडी वाईट आहेत, तू आम्हाला फसवतेस, नाही नाही ते बोलले. तिने माझ्या बशीतला तो चोथा पाहिला आणि शांतपणे टोपली खाली ठेवली.

"ताजं अंडं कदी सोलतं काय, बाय? आठ दिस ठेव, मंग उकड."

ताजी अंडी तव्यावर फोडायची, उकडायला जुनी घ्यायची, हे तिच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मग आधी का नाही सांगितलंस, असं मी खेकसले, तर म्हणाली, तूच ताजी मागत होतीस. कपाळ माझं!

एका डब्यात तूस भरून अंडी न्हाणीघरामागे सावलीत ठेवली. आठ दिवस जीव मुठीत धरून काढले. नवव्या दिवशी उकडली, आणि भिजवलेल्या बदामाच्या सालीसारखं टरफल सरकन सुटून आलं. एक ओरखडा नाही. आनंदाने मला वेड लागायचं बाकी होतं. दोन पांढरीशुभ्र अंडी बशीत घालून मी बाबांपुढे ठेवली.

त्यांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. बशी जवळ ओढून दोन्ही अंडी उलटसुलट करून पाहिली. मला राहवेना. बाबा, आता टरफलाचा कणसुद्धा नाही, मी जरा चिडूनच म्हटलं.

"दिसतंय गं," ते म्हणाले. "आता मला सबब उरली नाही."

महिनाभर अंड्याचा एक कणही त्यांच्या घशाखाली गेला नव्हता. खरोखरीचं टरफल त्यांना किती वेळा लागलं असेल, देव जाणे. बशी उचलून पळून जावं असं मला वाटलं. पण मी उचलली नाही. मला त्यांना सॅनिटोरियममध्ये जाऊ द्यायचं नव्हतं. त्यांनी दोन्ही अंडी खाल्ली, सावकाश चावून, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून ते देव्हाऱ्यापासून चार हात लांब उभे राहिले, नमस्कार केला आणि आजपासून पूजा तू कर, असं आईला म्हणाले. त्यांना सॅनिटोरियममध्ये जावं लागलं नाही. वजन वाढलं, डाग भरून आला, पुढे ते पुष्कळ वर्षं जगले. अंडीही यथावकाश बंद झाली. पण आजारातसुद्धा एक दिवस पूजा न चुकवलेल्या माझ्या वडिलांनी मरेपर्यंत देवांना पुन्हा हात लावला नाही.