बोअरच्या पाण्याचे दात

माझ्या भाचीला मुलाकडच्यांनी पसंत केलं आणि दुसऱ्या दिवशी फोनवर निरोप दिला, "तेवढं दातांचं बघून घ्या." ते 'तेवढं' ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. मुलाचे दात कसे आहेत, हे आमच्यातल्या एकानेही बघितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

आमचं गाव मुखेडकडचं. सगळं गाव एकाच बोअरचं पाणी प्यायचं, आणि त्या पाण्यावर वाढलेल्या पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे येतात. दात किडत नाहीत, हलत नाहीत, नुसते डागाळतात. पण आमच्या घरी त्याचा अर्थ एकच, पोरगी दात घासत नाही. आईने मला मिठाने, कोळशाने, लिंबाने घासायला लावलं, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत. पुढे भावजयीने भाचीचंही तेच केलं. गल्लीतल्या एकूण एका पोराचे दात तसेच, तरी आळशी ठरलो आम्ही दोघीच.

निरोप आला तसा माझा धाकटा भाऊ आपल्या पोरीला घेऊन लातूरला माझ्याकडे आला. साखरपुड्याला महिना होता. इथल्या एका दवाखान्यात त्याने फोनवरच ठरवून टाकलं होतं की पुढच्या सहा दातांना कॅप बसवायच्या. मी नको म्हणाले तर म्हणतो, "अक्का, तू पण बसवल्या होत्या की. काय झालं तुला?"

काय झालं मला! लग्नाआधी माझे पुढचे चार चांगले दात चहूबाजूंनी घासून खुंट करून ठेवले आणि वर पांढऱ्या टोप्या घातल्या. पुढे त्यातल्या दोन दातांचं रूट कॅनाल झालं, एक हिरडीपाशी मोडला. आज पंचेचाळिशीत मी भाकरी कालवणात भिजवून खाते, आणि वर्गात शिकवताना मुलांसमोर हसले की तोंडावर हात जातो. यातलं काहीच मी माहेरी सांगितलं नव्हतं. लाज वाटायची. त्या लाजेचा मला आज भयंकर राग येतो, कारण मी बोलले असते तर भावाने तो फोन केलाच नसता.

दवाखान्यात भाची खुर्चीत आडवी, आणि डॉक्टर कोणता पांढरा रंग हवा ते विचारत होते. मी म्हटलं, "दात किती घासणार?"

"थोडे."

"थोडे म्हणजे किती? घासलेला दात दाखवा."

त्यांनी नाइलाजाने कपाटातून नमुन्याचा जबडा काढला. एका बाजूला अख्खे दात, दुसऱ्या बाजूला खुंट. भाची उठून बसली, एका खुंटावरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाली, "हे परत वाढत न्हाईत ना?"

"नाही," डॉक्टर म्हणाले.

दुसरा इलाज नाही का, असं मी विचारलं. होता! डाग वरच्या थरात आहेत. औषध लावून तो थर अगदी हलका घासायचा, जिथे जास्तच गडद आहे तिथे दाताच्या रंगाचा लेप बसवायचा. बाकी दात शाबूत. फक्त तीन वेळा यावं लागेल, आणि दात पांढरेशुभ्र होणार नाहीत.

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुमच्याकडून कॅपच सांगितल्या होत्या, मॅडम."

मी असा आवाज चढवला की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. भावाने माझा दंड धरला. "तमाशा करून राहिलीस तू. सोयरीक मोडली तर सांभाळणार का पोरीला?"

"हाव, सांभाळीन!" मी ओरडले. माझी एक कॅप कधीचीच सैल झालेली होती. ती तिथेच ओढून काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. "बघ काय उरलंय आत." त्याने माझ्या तोंडात बघितलं. कॅपचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

तीन खेपांत भाचीचे पट्टे फिके झाले, पण पुरते गेले नाहीत. साखरपुड्याला मुलाच्या आईंनी कुंकू लावलं आणि तिची हनुवटी धरून, बाजारात बैलाचे दात बघतात तसं निरखलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अजून पिवळेच हायत की गं."

भावाने मान खाली घातली. माझ्या तोंडात चांगला सणसणीत शब्द आला होता, पण भाची आधी बोलली. हनुवटी सोडवून घेत, अगदी साध्या आवाजात ती म्हणाली, "हाव, पण माझे हायत."

मला पोरीचा अभिमान वाटला, पण तो नंतर. आधी वाटला हेवा.