जिना नाही, झुंबर नाही

माझ्या मामाला सगळे बॅटरीमामा म्हणतात. थिएटरात अंधार झाल्यावर जे लोक उशिरा येतात, त्यांना बॅटरी मारून खुर्ची दाखवायची हे त्याचं काम. मी त्याच थिएटरच्या तिकीट खिडकीत बसते. म्हणजे लोक आधी माझ्याशी हुज्जत घालतात आणि मग मामाच्या मागे गरीब गाईसारखे चालत जातात. मामाचं म्हणणं, अंधारात माणूस नम्र होतो. माझं म्हणणं, अंधारात त्याला दिसत नाही, दुसरं काय!

दर रविवारी सकाळी आमच्याकडे एकच जुना सिनेमा लागतो. आम्ही त्याला नुसतं ‘रडका’ म्हणतो. मास्तरांची गरीब मुलगी बड्या घरात सून म्हणून जाते. तिथे हा एवढा मोठा जिना, वर झुंबर, सासूच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. नवरा दारू पितो, ग्लास फोडतो, जिन्यावरून ओरडतो. ती बिचारी खालच्या पायरीवर बसून गाणं म्हणते. शेवटच्या रिळात नवरा त्याच जिन्यावरून गडगडत खाली येतो, तिच्या पायाशी पडतो, माफी मागतो आणि मरतो. बायका पिशवीत जादा रुमाल घेऊन येतात. मालकांनी नवे सिनेमे आणून पाहिले, पण गल्ला भरतो तो रडक्यानंच.

आता एक माणूस तो सिनेमा जन्मभर बघत आला, तर काय होणार? मामा श्रीमंतांच्या बाबतीत स्वतःला तज्ज्ञ समजायला लागला. बँकेसमोर एखादी मोठी गाडी थांबली की तो मान हलवून म्हणायचा, “वरून दिसतं तसं नसतं हं. घरी गेला की ग्लास फोडत असेल.” त्या माणसानं आयुष्यात कपसुद्धा फोडला नसेल, पण मामापुढे कुणाचं चालणार?

आणि अशा माणसाच्या मुलीला बड्या घरातून मागणी आली.

ताई, म्हणजे मामाची मुलगी, चष्म्याच्या दुकानात काम करायची. काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. हात इतका हलका की म्हातारी माणसं फक्त तिच्याकडूनच कानामागची काडी वाकवून घ्यायची. तिच्याकडे एक तरुण येऊ लागला. आज काय तर फ्रेम सैल झाली, परवा काय तर नाकावर रुततेय. शेवटी दुकानाच्या मालकांनीच विचारलं, “चष्म्याला काय झालंय, की डोळ्यांना?” तर हा नळ, बेसिन आणि टबच्या भल्यामोठ्या शोरूमवाल्यांचा एकुलता एक मुलगा निघाला. शांत, सभ्य, बोलण्यात साखर. ताईला तो आवडला, हेही खरंच. उगाच त्याला लबाड ठरवून मला काय मिळणार?

मामी मात्र कुरकुरली. “अहो, नाकापेक्षा मोती जड होईल. सोन्याची सुरी झाली म्हणून काय ती उरात खुपसून घ्यायची?”

“मी बघून येतो ना घर,” मामा म्हणाला. “मला एका नजरेत कळतं.”

घर बघायला मामा, मामी आणि मी गेलो. मामा इस्त्रीचा शर्ट घालून, तपासणीला आल्यासारखा चालत होता. दारातच त्यानं मला कोपरानं ढोसलं. “किल्ली नाही बघ.” खरंच नव्हती. दाराला आकड्यांची पाटी होती, आकडे दाबले की दार उघडायचं. “म्हणजे सासूच्या कमरेला जुडगा नसणार,” मामा कुजबुजला. आत गेलो तर सगळं एकाच मजल्यावर. जिना नाही! मामाचा चेहरा खुलला. त्यानं वर पाहिलं. झुंबरही नाही, दिवे छतातच कुठेतरी लपवलेले. मग हात धुण्याच्या निमित्तानं त्यानं घरभर फेरी मारली. दारूचं कपाट नाही. पाणी पिऊन ग्लास ठेवला, तर तोही न फुटणारा.

व्याह्यांनी आमचं छान स्वागत केलं. पांढऱ्या सोफ्यावर बसवलं. सासूबाई हसल्या. सासरे हसले. मुलगा हसला. मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. सासूबाईंनी फोनवर काहीतरी टाइप केलं, आणि आतून एक बाई चहा घेऊन आली. हाक नाही, काही नाही. मामीनं कप खाली ठेवला तर त्या बाईनं येऊन तो उचलून दोन बोटं डावीकडे ठेवला.

परत येताना मामा लिफ्टमध्येच म्हणाला, “पक्कं करा. जिना नाही, झुंबर नाही, पोरगी सुखात राहील.”

“आणि माणसं?” मामीनं विचारलं.

“माणसं काही बोललीच नाहीत. म्हणजे चांगलीच असणार.”

अशा माणसापुढे डोकं फोडून उपयोग नाही. लग्न झालं. लग्नात मामा एवढा आनंदात होता की जेवणाच्या हॉलमध्ये त्यानं सवयीनं लोकांना हात धरून खुर्च्या दाखवल्या.

पहिले काही महिने ताई फोनवर म्हणायची, सगळं छान आहे. पुढे नुसतं ‘ठीक’ म्हणायला लागली. मग एका शनिवारी ती बॅग घेऊन घरी आली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. मी तिथेच होते. मामी काही न विचारता पोळ्या लाटायला लागली. मामानं मात्र खुर्ची ओढली आणि चौकशी सुरू केली.

“मारतो?”

“नाही बाबा.”

“पितो?”

“नाही.”

“दुसरी कुणी आहे?”

“नाही हो.”

“ओरडतो तरी?”

“कुणीच ओरडत नाही,” ताई म्हणाली. “कुणी बोलतच नाही, बाबा. जेवायला या, हेसुद्धा फोनवर लिहून येतं. मी खुर्ची खिडकीपाशी ओढली, तर सकाळी ती परत जागेवर. उशी बदलली, परत जागेवर. दुकानात कामाला जाते म्हटलं, तर हे म्हणाले, तू ठरव. आणि दुसऱ्याच दिवशी कळलं की दुकानात फोन करून यांनी माझं नाव कमी करायला सांगितलंय. मी विचारलं, असं का केलं? तर हसले. म्हणाले, तू दमली असतीस.”

मामानं खुर्ची जरा मागे सरकवली.

“परवा दाराचे आकडे बदलले. मला सांगायचं म्हणे त्यांच्याकडून राहून गेलं. मी भाजी घेऊन बाहेर उभी. बेल वाजवली. यांना फोन लावला, लागला नाही. संध्याकाळ झाली. शेवटी काम करणारी बाई बाहेर पडली, तेव्हा मी आत शिरले. आत सगळे बसलेले. सासूबाई म्हणाल्या, अगं, तू बाहेर होतीस? आम्हाला वाटलं खोलीत आहेस.” हे सांगताना ताई हसत होती. ते हसणं ऐकून माझं डोकं फिरलं. मामीचं लाटणं थांबलं होतं.

“मला नाही जायचं परत,” ताई म्हणाली. “राहू इथे?”

आता कुठल्याही शहाण्या बापानं काय म्हणावं? पण आमचे मामासाहेब! त्यांनी घसा साफ केला. “हे बघ बाळ. इंटरव्हललाच कुणी उठून जातं का? तिनं तर केवढं सोसलं. शेवटी आला की नाही तो पायाशी? आणि तुझ्याकडे तर जिनाही नाही.”

“मामा, तुला अक्कल आहे का?” मी म्हटलं.

“तू गप्प बस. उद्या तिला रडक्याला घेऊन ये. पूर्ण बघू दे. मग निर्णय घेऊ.” ताईकडे वळून तो म्हणाला, “जावईबापूंनाही शो सुटल्यावर बोलावतो. तिथूनच दोघं घरी जा.”

ताई उठून तव्यावरची पोळी उलटायला लागली. तिला उत्तराची सवयच राहिली नव्हती.

रविवारी मी खिडकी बंद करून ताईबरोबर आत बसले. आजूबाजूला नेहमीच्या बायका, रुमाल तयार. सासूनं किल्ल्या वाजवल्या, एक बाई हुंदका देऊन मोकळी. नवऱ्यानं पहिला ग्लास फोडला तेव्हा ताई माझ्या कानाशी म्हणाली, “निदान बघतोय तरी तिच्याकडे.” नंतर जिन्यावरचं गाणं सुरू झालं आणि माझ्या खांद्यावर काहीतरी जड टेकलं. ताई झोपली होती. तोंड उघडं, हात खुर्चीबाहेर लोंबतोय. पडद्यावर ग्लास फुटत होते, मागे बायका नाकं शिंकरत होत्या, आणि ही पाळण्यातल्या पोरासारखी गाढ.

शो संपला. दिवे लागले. लोक डोळे पुसत बाहेर पडले. झाडूवाली पॉपकॉर्न गोळा करायला लागली. मामा ओळीपाशी आला. कुणी झोपलेलं असलं की तो खुर्चीच्या पाठीवर टकटक करतो. हात पुढे गेलाही, पण तसाच राहिला. तो तिच्याकडे बघत उभा राहिला.

“शेवट पाहिलाच नाही हिनं,” तो म्हणाला.

“नाही.”

“घोरतेय.”

“झोप लागलीये मामा. तिकडे लागत नसेल.”

मामा झाडूवालीकडे वळला. “अगं बाई, दुसरीकडून सुरू कर. आवाज होतोय.”

तेवढ्यात दारात जावईबापू आले. कडक इस्त्री, हातात फोन. “नमस्कार बाबा. झाला ना शो?”

मामा दारात गेला आणि मधोमध उभा राहिला. मी खुर्चीतून हललेच नाही, खांद्यावर ताई होती ना.

“ती झोपलीये. तिला मी उठवणार नाही. आणि उठल्यावर तुमच्याबरोबर पाठवणारही नाही. ती आमच्याकडेच राहणार. तुम्हाला काय बोलायचं असेल ते बोला.”

मला वाटलं, आता होणार काहीतरी. मामालाही वाटलं. त्यानं पाय रोवले, छाती पुढे काढली. जावई हात धरेल, ओरडेल, आत घुसेल, निदान ‘माझी बायको आहे’ म्हणेल, म्हणून तो पूर्ण तयारीत होता.

जावईबापूंनी एकदा आत नजर टाकली. नेमकी कुठल्या ओळीत बसलीये तेही शोधलं नाही. मग म्हणाले, “बरं. तुम्ही म्हणाल तसं.” फोनकडे पाहिलं. “तिचं सामान ड्रायव्हर आणून देईल. काळजी घ्या, बाबा.” हसले, आणि गेले.

मामा दारात तसाच उभा. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग तोही गेला. पुढच्या शोची माणसं माझ्या खिडकीवर ठोकत होती, ठोकू देत म्हटलं. मामा हळूहळू आमच्या ओळीत आला आणि ताईच्या पलीकडच्या खुर्चीत बसला. तिचा लोंबणारा हात उचलून त्यानं आपल्या मांडीवर घेतला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

“भांडलासुद्धा नाही गं तिच्यासाठी,” तो म्हणाला.